अक्काचा हातभार

पाइपचा शेवटचा गळका सांधा बंद केला आणि पाठ टेकायला खोलीत गेलो. अंगणातल्या तळ्याचं पाणी अखेर नितळ झालं होतं. तळाशी फिरणारे रंगीत कोई मासेही दिसू लागले होते. सगळी करामत पंपाने तळ्याचं पाणी ज्यातून फिरतं, त्या निळ्या ड्रममधल्या स्पंजांची. त्यांच्यावर बुळबुळीत तपकिरी थर धरतो आणि तोच माशांच्या विष्ठेमुळे पाण्यात साचणारं विष खातो. तो विकत मिळत नाही. पावसाळाभर मी त्याचीच वाट बघितली होती.

जाग आली तेव्हा भाऊबीजेसाठी आलेली अक्का ड्रमवर झाकण ठेवत होती. पंप सुरू होता. तळ्यावर फेस तरंगत होता.

"किती राबतोस रे एकटा! म्हटलं, तेवढाच हातभार," ती म्हणाली. "केवढी घाण होती त्या स्पंजांत! साबण लावून स्वच्छ घासले."

घासून घासून तिची बोटं लाल झाली होती.

मासे वर येऊन तोंडं उघडत-मिटत होते.

"बघ, कसे खूश झालेत!"

"हो गं अक्का. जरा चहा टाकतेस?"

ती आत गेल्यावर मी पंप बंद केला आणि जाळं उचललं.