दोन पाय, एक रेषा

अमेरिकन फुटबॉलच्या एका शालेय सामन्यात समोरासमोरच्या सीमारेषांवर उभ्या असलेल्या दोन पंचांनी एकाच क्षणी एकच चूक केली. दोघांमध्ये मैदानाची पूर्ण रुंदी होती. तरीही दोघांचे पाय एकाच रेषेत रोवले गेले, गोलरेषेच्या हातभर अलीकडे. चेंडू तिथे थांबल्याची ती खूण होती. मुख्य पंचाने दोन्ही पाय पाहिले, ते जुळले म्हणून चेंडू तिथेच ठेवला, गुण मिळाले नाहीत, आणि सामना हरून यजमान शाळेचा हंगाम संपला. चेंडू गोलरेषेपार गेला होता हे नंतर चित्रफितीत स्वच्छ दिसले.

चित्रफितीत दोघांपैकी एकटा ड्वेन सोरेन्सन दिसत होता. दुसरा पंच, लाव्हर्न टेपली, राखीव खेळाडूंच्या गर्दीआड झाकला गेला होता. त्यामुळे गावाचा राग एकट्या ड्वेनवर निघाला. लाव्हर्नने तो निघू दिला.

सामन्यानंतर आठवड्याने, रविवारी, लाव्हर्न ड्वेनच्या शेतावर गेला. ड्वेन कापणीयंत्राला वंगण देत होता. हात पुसायला त्याने पंचाचा काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा सदरा घेतला होता.

“काल धान्यकोठारावर एकाने विचारलं, आंधळ्यांना वाट दाखवणारा कुत्रा घरी विसरलास का रे?” ड्वेन म्हणाला. “मी म्हटलं, कुत्रा आणला होता, पण तुझ्या पोराचा खेळ बघून पळून गेला.”

लाव्हर्नला हसू आले नाही.

“मी सोडतोय हे, लाव्हर्न. आता तू एखादा डोळस जोडीदार शोध.”

गोलरेषा इतकी जवळ असताना चेंडू खेळात येताक्षणी पंचाने आधी गोलरेषा गाठायची आणि तिथून खेळाकडे परत यायचे, हे ड्वेननेच लाव्हर्नला शिकवले होते. पण सामन्याच्या दिवशी लाव्हर्न गोलरेषेकडे धावलाच नव्हता. मागल्या वर्षी एक धावता खेळाडू आदळून त्याच्या गळ्याजवळचे हाड मोडले होते, आणि ते बरे झाले तरी भीती गेली नव्हती.

“तू सोडू नकोस. चूक माझी आहे,” तो म्हणाला. “तो पोरगा चेंडू घेऊन थेट माझ्या अंगावर आला. मी मागे सरकलो आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा सगळं संपलं होतं. समोर तुझा पाय रोवलेला दिसला. म्हटलं, ड्वेनने पाहिलंय. मग मीही माझा पाय होता तिथेच ठेवला.”

ड्वेनचा हात थांबला.

“माझ्यापुढे पोरांचा ढीग पडला होता, बाबा,” तो म्हणाला. “मला चेंडू दिसलाच नाही. पलीकडे तू खांबासारखा उभा होतास. म्हटलं, लाव्हर्न जवळ आहे, त्याने नक्की पाहिलंय. मी धावत तुझ्या रेषेत येऊन उभा राहिलो. आठवडाभर जीव खातोय मला, की तुझ्या आडोशाने मी पंच म्हणून मिरवलो.”

दोघांच्या एकाच चुकीचे कारण सापडले होते. चेंडू कुणीच पाहिला नव्हता. लाव्हर्न डोळे मिटून जिथे थांबला, तिथे तो ठेवला गेला होता.