मघाचं बाळ

पडद्यावर बाळ अंगठा चोखत होतं.

“पण डॉक्टर, सकाळपासून आतून काहीच जाणवत नाही हो,” टेबलावर आडवी झालेली मृण्मयी म्हणाली.

“अहो, पाय झाडतंय की ते! बघा,” डॉ. सबनीस हसल्या.

मृण्मयीने पोटावर तळवा ठेवला. पडद्यावरचं बाळ लाथा मारत होतं आणि तळव्याला काहीच लागत नव्हतं.

डॉक्टरांचं हसू मावळलं. नवं सोनोग्राफी यंत्र पोटातून मोजकेच प्रतिध्वनी घ्यायचं आणि बाकीचं चित्र लाखो निरोगी बाळांवरून गणिताने पुरं करायचं. तपासणी मिनिटभरात उरकायची. यंत्राने घातलेली ही भर बंद करून पाहायची सवयच डॉक्टरांना उरली नव्हती. आज त्यांनी ती बंद केली.

पडद्यावर करडे, तुटक ठिपके उरले. त्यांत इवलंसं हृदय दिसत होतं, पण ते हलत नव्हतं. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा पाहिलं.

“बाळ गेलंय, मृण्मयी.”

तिने पोटावरचा तळवा काढून घेतला.

“बाहेर हे बसलेत,” ती म्हणाली. “त्यांनी अजून एकदाही पाहिलं नाहीये. त्यांना आत बोलवा, आणि मघाचं लावा ना.”

डॉक्टरांनी भर पुन्हा चालू केली. बाळाने जांभई दिली.