दोन फुटांचा बीम

"या जागी पुढेमागे काही वजन वाढवणार आहात का, वहिनी?" इंजिनियरने विचारलं आणि वहीवर पेन टेकवून तो थांबला.

तो वर, धाकटीच्या घरी आला होता. खालच्या मजल्यावर तिची थोरली जाऊ राहायची, आणि थोरलीला बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर एक करून मोठा हॉल हवा होता. मधली भिंत मात्र नुसती आडोशाची नव्हती. वरचा मजला, म्हणजे धाकटीचं घर, तिच्यावर उभा होता. ती काढायची तर तिथे बीम हवा, आणि बीम किती जाड ते वर किती वजन येणार त्यावर ठरणार.

हॉलची बातमी कळल्यापासून धाकटीच्या पोटात दुखत होतं. थोरलीला सगळं आधी मिळायचं. फ्रीज आधी तिच्याकडे आला, खालचा मजला तिला, सासूबाईंची शाबासकीसुद्धा तिलाच. आता हा हॉल. येणारे-जाणारे तिथे बसून वाहवा करणार, मग जिना चढून हिच्या कोंदट खोल्यांत येणार आणि घोटभर पाणी पिऊन निघणार. तिला ते बघवलं नसतं.

"याच रेषेत विटांची भिंत घालणार आहोत आम्ही," ती म्हणाली. जीभ थांबेचना. "तिच्यावर माळा. आणि गच्चीत मोठी टाकी."

भिंतबिंत काही नव्हती. टाकी तर नवऱ्याच्या स्वप्नातही नव्हती. इंजिनियरने खोलीभर नजर फिरवली, काहीतरी लिहून घेतलं. मग एका फुटाच्या बीमने भागणार नाही, दोन फुटांचा लागेल आणि तो छताखाली लोंबेल, असं म्हणाला. धाकटीने चेहरा पाडला. मनात मात्र तिला उकळ्या फुटत होत्या.

पुढे महिनाभर खाली काम चाललं. छताला लोखंडी टेकू लागले, भिंतीवर घण पडू लागले. वर फडताळातल्या कपबश्या किणकिणायच्या आणि धाकटी चक्क गुणगुणायची. बायकोला झालंय तरी काय, हे नवऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

टेकू काढले त्या दिवशी ती खाली गेली. अगदी मनासारखं झालं होतं. हॉलच्या मधोमध बीम असा उतरला होता की मोठे दीर उगाचच मान वाकवून जात होते. हौसेने आणलेलं झुंबर खोक्यातच पडून होतं.

"चांगला झालाय हो हॉल, जाऊबाई," धाकटी म्हणाली. थोरलीने बीमकडे पाहिलं, सवय होईल म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

शेवटची मापं घ्यायला आलेल्या इंजिनियरने धाकटीला विचारलं, वरची भिंत कधी बांधताय. ती म्हणाली, बघू, घाई काय आहे.

त्याने वही मिटली. वरच्या वहिनी काही बांधतील असं वाटत नाही, हे त्याने थोरलीला, वर भिंतीचं ऐकलं त्याच दिवशी, सांगितलं होतं म्हणे. एका फुटात भागेल आणि हॉलही देखणा होईल, हेसुद्धा.

धाकटीने घाईने विचारलं, "मग? काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, ती खोटं बोलत असेल तर माझा हॉल बिघडेल. खरं बोलत असेल आणि आपण ऐकलं नाही, तर तिचं घर पडेल. दोन फुटांचाच घाला."