नावापुढचं गाव

"गावाचा रकाना काढून टाका," स्वामी साहेब म्हणाले. "नावंही नकोत. कुठल्या तालुक्यात किती मशीन वाटल्या, तेवढाच आकडा वेबसाइटवर जाऊ द्या."

शिवरंजनीचा हात माउसवर थांबला. धाराशिवच्या या कार्यालयात ती कंत्राटी ऑपरेटर होती. एकट्या राहणाऱ्या बायकांना शिलाई मशीन देण्याची योजना तिच्याच टेबलावरून चालायची. सगळ्या योजनांची माहिती लोकांना खुली करा, असं वरून आलं होतं. विहिरींची गेली, घरकुलांची गेली. ही तेवढी अडली होती.

"पण सर, बाकीच्या याद्या नावगावासकट आहेत."

"ही वेगळी आहे."

"वेगळी म्हणजे?"

साहेबांनी चष्मा काढून रुमालानं पुसला. "काही जणांना अडचण होईल," एवढंच बोलून ते आत गेले.

अडचण कुणाला होईल, हे शिवरंजनीला बब्रुवान काकांनी सांगितलं. काका परंड्याकडच्या सोनारीचे. पांढरंशुभ्र धोतर, खांद्यावर पिशवी, बोलणं मऊ. या यादीसाठी ते एसटीनं खेटे घालत होते.

"मशिनी बोगस नावावर उचलल्यात, पोरी," ते हळूच म्हणाले. "ज्या बाया जगातच न्हायत, त्यांच्या नावानं. म्हणून तर तुझा साहेब यादी दाबून बसलाय. नाव अन् गाव लागलं की सगळं उघडं पडंल."

शिवरंजनीला ते पटलं. साहेबांचं वागणंच तसं होतं. काका येऊन गेले की ते कपाटाला कुलूप लावायचे आणि किल्ली खिशात टाकायचे. एकदा त्यांनी काकांना सरळ विचारलं होतं, "तुमच्या घरातलं कुणी आहे का यादीत?"

"आमच्या घरच्या बाया एकट्या राहत न्हायत, साहेब," काका हसून म्हणाले होते. "म्या लोकांसाठी भांडतोय."

मग एका दुपारी सगळे डबे उघडून बसलेले असताना एक बाई आली. तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला, फक्त डोळे दिसत होते. साहेबांनी तिला आत घेतलं आणि दार लोटलं. ती मागच्या जिन्यानं उतरून गेली, तेव्हा डोळे लाल होते.

"कोण होत्या, सर?"

"कुणी नाही. जेवा तुम्ही."

शिवरंजनीनं डबा तसाच बंद केला. आजवर तिला नुसता संशय होता. आता तर किळस वाटायला लागली.

तिनंच मग काकांना कलेक्टर तक्रारी ऐकतात त्या लोकशाही दिनाला उभं राहायचं सुचवलं, अर्जही टाइप करून दिला. काका तिथं सगळ्यांसमोर बोलले. सरकारचा पैसा लोकांचा, मग यादी लोकांना का नको? टाळ्या पडल्या. इथल्या पेपरात फोटो आला. आठवड्याच्या आत आदेश निघाला: संपूर्ण यादी, नाव आणि गावासह, तात्काळ प्रसिद्ध करावी.

साहेबांनी तो उभ्याउभ्याच वाचला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"मी वर जाऊन बोलून येतो," गाडीची किल्ली उचलत ते म्हणाले. "मी येईपर्यंत यादी टाकायची नाही. समजलं ना?"

"सर, आदेश तर..."

"शिवरंजनी, ऐका माझं." ते क्षणभर घुटमळले. दारातल्या बाकड्यावर काका बसले होते. त्यांच्याकडं पाहून साहेबांनी पुढचे शब्द गिळले आणि ते भराभर जिना उतरले.

काका उठून टेबलाजवळ आले. "आता वरनं नावं बदलून आनतोय बघ. मंग कसली यादी अन् कसलं काय." त्यांनी सुस्कारा टाकला. "तुझ्या हातात हाय, पोरी. न्हायतर ऱ्हाऊ दे. तुझ्या नोकरीवर नको यायला."

नोकरीचा विचार तिच्याही मनात आला. बेंबळीला घरी आई होती, भावाचं शिक्षण होतं. साहेबांनी मनात आणलं तर तिचं कंत्राट पुढं चालणार नव्हतं. तरी तिनं फाइल उघडली. सगळे रकाने जिथल्या तिथं होते. नाव. वय. गाव.

तिनं बटण दाबलं.

"झालं, काका. आता जगात कुणीही बघू शकतं."

काकांनी दोन्ही हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले होते. "तुझं लई भलं होईल बघ."

तिलाही भरून आलं. या कार्यालयात आल्यापासून आपण पहिल्यांदा काहीतरी खरं काम केलं, असं तिला वाटलं.

टेबलावरचा तिचा फोन थरथरला. साहेबांचा होता. तिनं तो पालथा घातला. पुन्हा थरथरला, तरी उचलला नाही.

काकांनी आपल्या मोबाइलवर यादी उघडली होती. बोट हळूहळू खाली सरकत होतं. भूम, कळंब, तुळजापूर. उमरगा तालुक्यातल्या एका नावावर ते थांबलं.

"बोगस नाव सापडलं का, काका?" तिनं उत्सुकतेनं विचारलं.

काकांनी मान डोलावली आणि फोन कानाला लावला.

"दिग्विजय, सापडली रं तुझी बायको. मुरुमला हाय, नाव बी बदललेलं न्हाय. गाडी काढ, अन् या खेपेला तिचे पळायचे पायच ठिवू नका."