कोमट कांदा

लासलगावहून आलेल्या गोणीतला एक कांदा कोमट निघाला, आणि तो चक्क श्वास घेत होता. नऊ वर्षांच्या प्रज्ञाने त्याला गॅलरीतल्या कांद्यांच्या टोपलीतच लपवलं आणि चमच्याने दूध पाजून वाढवलं. त्याला कुरवाळलं की तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं.

"रडतेस कशाला गं?" आई विचारायची.

"कांदा, आई."

दर रविवारी आई कांदे निवडायला बसायची आणि अंगठ्याने दाबून नासके फेकून द्यायची. म्हणून प्रज्ञा आधीच त्याच्या देठाशी तोंड नेऊन बजावायची, "शूऽ! आई येईल. हलू नकोस."

या रविवारी ती दूध घेऊन गॅलरीच्या दाराशी आली. आत तिच्याच आवाजात कुणीतरी मायेने सांगत होतं, "शूऽ! प्रज्ञा येईल. हलू नका."

टोपलीभर कांद्यांनी एकदम श्वास रोखला.