छातीचं माप

जेसिंताच्या ओसरीला तीन पायऱ्या होत्या. शेवंती त्या चढली आणि खांबाला धरून उभी राहिली.

"लाजता," तिची आई मथुरा म्हणाली.

लाजलं की माणूस लाल होतं. शेवंतीचे ओठ जांभळे झाले होते.

मथुराने लग्नाच्या पोलक्याचं कापड शिवणयंत्रावर ठेवलं. "जेसिंताबाय, डाव्या खांद्यात कापूस भर. दोनय खांदे सारखे दिसाक व्हये."

"न्हवऱ्यान चेडू बघूक नाय?" शेवंतीकडे बघत जेसिंताने विचारलं.

"फोटो बघल्यान मां. बसान काढलेलो. वैशाखात येतलो आगबोटीन. हार घातल्यार कोण परत जाता?"

जेसिंताने टेप गळ्यातून काढली आणि वही उघडली. ती छातीची दोन मापं घ्यायची, एक श्वास सोडून, एक भरून. चर्चमध्ये वरच्या सुरात गाताना डोरथीच्या पोलक्याचे हूक तुटून पाद्रीपर्यंत गेले होते, तेव्हापासूनची ही शिस्त. शेवंती दर जत्रेला पोलकं शिवून घ्यायची. सत्तावन्न साली तिच्या दोन मापांत दोन इंचांचं अंतर होतं. साठ साली एक. गेल्या वर्षी अर्धा.

"दाक्तराक दाखवलंस?"

"दाखवलंय. म्हणता, कणो वाकलो, बरगडे फुप्फुसार इले, काळजाक दुप्पट काम पडता." मथुराने कापडावरची नसलेली धूळ झटकली. "काम कोणाक चुकलाहा?"

"आणि काय म्हणालो?"

"प्लास्टर घालूचा वय गेला म्हणता. लगीन करू नको, बाळंतपण झेपाचा नाय." तिने पदर खोचला. "तेका काय जाता म्हणाक? तेच्या घरात चेडू नाय."

डॉक्टरांना तीन मुलगे होते, हे खरं होतं.

जेसिंताने शेवंतीच्या छातीभोवती टेप धरली. उजवीकडे पाठीचा उंचवटा आला, तिथे ती नेहमीप्रमाणे वळवून घेतली. तीस.

"आता श्वास भरून घे गो."

टेपेखाली काही हललं नाही. ओसरीखाली कोंबडी माती उकरत होती, तिचा आवाज तेवढा येत होता.

"घे मां."

"घेतलंय," शेवंती म्हणाली.

जेसिंताने दुसऱ्या रकान्यातही तीस लिहिलं. वहीत असं कोणाचं नव्हतं. मथुराने डोकावून पाहिलं आणि तिचं तोंड उजळलं.

"बराच झाला! घट्ट शिवलंस तरी चलात."

मग तिला काहीतरी आठवलं. "पण शिवणीत दोन बोटां कापड जास्ती ठेव हां. बाळंतपणानंतर अंगान भरतली. तेवा उसवून सैल करूक गावतला."

सगळ्याच नवऱ्या मुलींच्या पोलक्यात जेसिंता तसं ठेवायची. सांगावं लागत नसे. तिने कापड पाटावर पसरलं, खडूने मापाची रेघ ओढली. मग तिने दोन बोटं सोडून बाहेरून दुसरी रेघ ओढली आणि कात्री शोधायला वळली. कात्री तिच्या मांडीजवळच होती.

मथुरा हूक निवडत होती.

शेवंती पाटाशी वाकली. वाकलेलीच असल्यामुळे ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. तिने बाहेरची रेघ अंगठ्याने पुसली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्ये एकदा दम घ्यायला थांबली.