सोनेरी कागदातल्या वड्या

इर्माने सव्विसावी सोनेरी वडी उलगडली, आतला चॉकलेटी तुकडा बशीत टाकला आणि त्याच कागदात स्वतःची वडी बसवून दोन्ही टोकांना पीळ दिला. अजून चार राहिल्या होत्या. बाहेरून तिचा नवरा पाल दार वाजवत होता.

"झालं का गं? पोरं आता दार खातील!"

"देवदूतांना घाई करायची नसते," ती आतून म्हणाली.

नाताळचं झाड देवदूत आणतात, म्हणून घंटा वाजेपर्यंत त्या खोलीत कुणी पाय ठेवायचा नाही. गेली अकरा वर्षं गिझेलाबाईंच्या घरचा देवदूत म्हणजे त्यांची थोरली सून इर्मा. झाड सजवायची ती, आणि झाडाला टांगायच्या साखरवड्याही तिच्याच हातच्या. पाक घोटायचा, मळायचा, कापायचा, चॉकलेटात बुडवायचा आणि पांढऱ्या झालरीच्या कागदात गुंडाळायचा. यंदा कांद्याच्या वखारीतलं तिचं काम नोव्हेंबरातच थांबलं होतं. घरातल्या सगळ्यांच्या भेटी म्हणजे तिने विणलेले मोजे होते. पण वड्यांच्या लोण्यात तिने हात आखडला नव्हता.

आणि तिमेया व्हिएन्नाहून, तिथल्या बड्या दुकानातल्या म्हणून, सोनेरी वड्या घेऊन आली.

तिमेया म्हणजे व्हिएन्नात नोकरी करणारी धाकटी जाऊ. तिचे उंच बूट, तिचं अत्तर, तिचं ते हळू आवाजातलं बोलणं. तीन दिवस तिचा डबा कपाटावर देवासारखा मांडलेला होता, आणि इर्माच्या वड्यांचं पातेलं स्वयंपाकघरात झाकण लावून. येणारा जाणारा डब्यापाशी थांबायचा. पालसुद्धा म्हणाला होता, "काही म्हण, व्हिएन्ना ती व्हिएन्ना." त्या रात्री इर्माने त्याला सूप गार वाढलं.

तेवढ्यावर भागलं असतं. पण आज सकाळी सासूबाईंनी फर्मान काढलं, "झाड म्हणजे काय दुकान आहे दोन दोन तऱ्हा टांगायला? यंदा दोन्ही लावा. मी चव घेईन. पुढच्या वर्षीपासून एकीच्याच."

तेव्हाच इर्माचं ठरलं. सोनेरी कागदात आपल्या, आपल्या कागदात व्हिएन्नाच्या. लोकांची जीभ कागद चाटते, तर चाटू दे. सगळ्यांनी सोनेरीचं कौतुक करावं, सासूबाईंनी निकाल द्यावा, आणि मग भर खोलीत तिने सांगावं, की त्या माझ्या. तिमेयाचा चेहरा कसा उतरेल, ते तिने पाक घोटावा तसं मनात घोटून ठेवलं होतं. व्हिएन्नाची वडी चाखूनसुद्धा पाहिली नाही तिने. तेवढा मानही द्यायचा नव्हता.

तिसावी वडी टांगून तिने घंटा वाजवली.

पोरं आत घुसली, गाणी झाली, मेणबत्त्या लागल्या. गिझेलाबाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी हात पुढे केला. आधी पांढरी वडी. दोनदा चावल्या आणि थांबल्या.

"इर्मा, हे काय गं? वाळू चावल्यासारखी कचकचतेय."

पालने मान खाली घातली. इर्माला मात्र आतून उकळ्या फुटत होत्या. ही तुमची व्हिएन्ना!

मग सोनेरी. गिझेलाबाईंनी डोळे मिटले. ते उघडायला त्यांना बराच वेळ लागला.

"ठरलं," त्या म्हणाल्या. "तिमेया, पुढच्या वर्षीपासून तुझ्या."

इर्मा पुढे सरसावली. "आई, मला एक सांगायचंय..."

पण तिमेयाला रडू फुटलं होतं. हुंदके देत ती मध्येच बोलली, "आई, आधी माझं ऐका. मी खोटं बोलले. त्या विकतच्या नाहीत. मी केल्यात."

गिझेलाबाईंनी हातातला सोनेरी कागद उलटसुलट करून पाहिला.

"तिथल्या दुकानातलं काय परवडणार मला? हॉटेलात चादरी बदलते मी. कागद तेवढे विकत घेतले. तीन वर्षं करून बघतेय जाऊबाईंसारख्या. दरवर्षी बिघडतात, दरवर्षी गुपचूप फेकून देते. इथे सगळे वर्षभर त्यांच्याच वड्यांबद्दल बोलत असता... मला इतकं पेटल्यासारखं व्हायचं!"

"अगं, मग दुकानाचं नाव कशाला घेतलंस?" सासूबाई म्हणाल्या.

"बिघडल्या असत्या, तर दुकानावर ढकलता आलं असतं ना."

सगळे हसले. तिमेयाही रडता रडता हसली. तिने एक सोनेरी वडी सोडून तोंडात टाकली आणि तिचे डोळे मोठे झाले. "आई शप्पथ! निघताना तर नुसती कचकच होती यांच्यात. वाटेत मुरल्या की काय? जाऊबाई, खाऊन बघा ना. अगदी तुमच्यासारख्या झाल्यात!"

तिने दुसरी सोलून इर्माच्या तोंडाशी धरली. नखांचा रंग उडालेला होता. बोटांवर पाकाने भाजल्याचे डाग होते, काही जुने, दोन ताजे. इर्माच्या स्वतःच्या बोटांवर तसेच होते, अकरा वर्षांपूर्वीचे.

इर्माने वडी खाल्ली. ती आजवरची तिची सगळ्यात चांगली वडी होती.

"तू काय सांगत होतीस?" गिझेलाबाईंनी विचारलं.

इर्माने घास गिळला.

"हेच, की यंदा पाक माझाच बिघडला," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी तिमेया करेल. मी येईन नुसती ढवळायला."